बॉनेटच्या पलीकडून

भर उन्हाळ्यात शाल पांघरून गाडी चालवणारी बाई.

वीतभर रबरी नळीला गेलेली चीर.

तराजूचा काटा पूर्ण थांबल्याशिवाय आकडा न वाचणारा माणूस.

बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून रस्त्यापलीकडे बघत राहिलेला टायरवाला.

"नवीकोरी घातलीय काका."

बाकावर काढून ठेवलेला काळा पट्टा... आणि त्या पट्ट्याशिवाय जे व्हायलाच नको होतं ते.

सुट्या सुट्या वाटतील या गोष्टी. मेस्त्रीनेही मला त्या अशाच सांगितल्या, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. मी जमेल तशा जुळवल्यात.

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ. लहानपणी आम्ही पोरं एका खोलीत झोपायचो आणि एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवायचो, तेव्हा हा पठ्ठ्या घोरायचा. अशा माणसाने मला हे सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि दर वेळी माझ्याकडे न बघता.

रात्र नव्हती. पडका बंगला नव्हता. कुत्रीबित्री रडत नव्हती.

दुपार होती. डोळे दिपवणारं ऊन. पत्र्याचं गॅरेज, पुढे रहदारीचा रस्ता, रस्त्यापलीकडे टायरचं दुकान आणि त्याच्या दाराशी पाण्याचा नळ.

एवढंच.

माझ्या या भावाला सगळे मेस्त्रीच म्हणतात. घरातले म्हणतात, मीही म्हणतो. जुन्या डिझेल गाड्यांत त्याचा हात धरणारा कुणी नाही. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत तिचं दुखणं कानानेच ओळखतो. त्यामुळे लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतात.

काटेकाका तसे एक.

ते वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात हयात गेली. म्हणून मेस्त्रीने त्यांचं नाव ठेवलं काटेकाका. आधी पाठीमागे म्हणायचा. मग एकदा चुकून तोंडावर म्हणाला. काका हसले आणि म्हणाले, "चालेल. आडनावापेक्षा बरं आहे."

त्यांची गाडी जुनी, डिझेलची. पांढरा रंग पिवळसर पडलेला. पण आत बसलं तर धूळ सापडायची नाही.

आता थोडं गाडीबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका. भीती त्यातच आहे.

डिझेल गाडी जागेवर उभी असते तेव्हा आपल्या आपण एका लयीत धडधडत असते. एसीचं बटण दाबलं की बॉनेटखाली आवाज होतो. टक. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याला ओढ देतो. संथ चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अचानक पोतं ठेवावं, तसं. इंजिन वाकतं.

नव्या गाड्यांत ते सावरायला कॉम्प्युटर असतो. जुन्या डिझेलमध्ये असते एक रबरी नळी. पोतं आलं की ती नळी हवेच्या ओढीने डिझेलच्या पंपाचा खटका किंचित खेचते, डिझेल थोडं जास्त जातं आणि इंजिन सरळ होतं.

नळीला चीर गेली की सावरणारं कुणी नाही. गाडी थरथरते. धापा टाकते. कधी कधी बंद पडते.

खरा इलाज म्हणजे नळी बदलणं. पण ती बसते इंजिनाच्या मागच्या अंगाला. हात जेमतेम जातो, मनगटं सोलून निघतात.

दुसरा इलाज सोपा. पंपावर एक स्क्रू असतो, तो जरासा पिळायचा. गाडीची रेस कायमचीच चढलेली राहते. एसी लावला तरी बंद पडत नाही. दुखणं आत तसंच राहतं, ताप मात्र दिसत नाही.

"सगळे करतात," मेस्त्री म्हणतो.

खरंच सगळे करतात.

आणखी एक. ही तपासणी एकट्याने होत नाही. मेस्त्री पुढे इंजिनात वाकलेला, मध्ये बॉनेट उभं. आत बसलेला माणूस त्याला दिसत नाही. म्हणून हाक मारायची.

"लावा."

आतला माणूस एसी लावतो.

"बंद करा."

तो बंद करतो.

बहुतेक गिऱ्हाइकं यात गोंधळ घालतात. कुणी फोनवर असतं, कुणी हाक यायच्या आधीच बटण दाबतं. काटेकाका नाही. हाक आली की ते क्षणभर थांबायचे. घाई नाही, उशीर नाही. मग टक. आणि मग बॉनेटच्या पलीकडून हळू आवाजात उत्तर यायचं.

"लावला."

"बंद करा."

क्षणभर शांतता. टक.

"केला."

"काका, सगळी गिऱ्हाइकं तुमच्यासारखी असती तर मी म्हातारा झालो नसतो," मेस्त्री म्हणायचा.

"तुम्ही कुठे म्हातारे? अजून तुमच्या हाताखालून आमच्यासारख्यांच्या कितीतरी गाड्या जायच्यात," काका म्हणायचे.

उन्हाळा लागला तेव्हा काका गाडी घेऊन आले. एसी लावला की बंद पडते म्हणाले. मेस्त्रीने कानाने ओळखलं, नळी गेलीय. तो हात घालणार होता. पण इंजिन तापलेलं, घरी जेवायला पाहुणे यायचे होते, आणि समोर असा माणूस, जो काही विचारणार नाही.

त्याने स्क्रू पिळला.

"लावा."

"लावला."

गाडी थरथरली, पण टिकली. स्क्रूवर एक नट असतो, स्क्रू जागचा हलू नये म्हणून. तो त्याने बोटांनी फिरवला. पान्याने आवळायचा राहिला. आवळू नंतर, असं त्याच्या मनात होतं. मग बॉनेट पडलं आणि ते मनातच राहिलं.

काका उतरून आले. "नळी बदललीत ना?"

आता "नाही" म्हणायला काय जात होतं? स्क्रूवर भागवलंय, उद्या या, एवढंच सांगायचं. पण मेस्त्रीच्या जिभेवर काय आलं देव जाणे.

"हो. नवीकोरी घातलीय काका."

काकांनी त्याचा काळा, तेलकट हात हातात घेऊन दाबला आणि गेले.

त्याने नळी पाहिलीसुद्धा नव्हती.

ऊन वाढत गेलं.

काकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, खांदा आखडला होता. रुग्णालयात त्यांना व्यायामाला जावं लागायचं. काका त्यांना सोडायचे आणि आवारात गाडी उभी करून, एसी लावून, आत बसून राहायचे. वाचता वाचता डोळा लागायचा.

एका दुपारी तसाच डोळा लागला.

काकू बाहेर आल्या तेव्हा वॉचमनने काकांना गाडीतून काढून बाकावर झोपवलं होतं. लोक चेहऱ्यावर पाणी मारत होते. काही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, उष्णता आणि हृदय. लोक म्हणाले, वय झालं होतं.

मेस्त्रीला हे टायरवाल्याकडून कळलं.

"तुझे काटेकाका गेले रे. गाडीत बसल्या बसल्या. काचा बंद, गाडी बंद."

"एसी?"

"गाडीच बंद होती म्हणतोय ना. एसी कुठला?"

मेस्त्री आत आला. हातातला पाना खोक्यात टाकला. आणि त्याला बोटांनी फिरवलेला तो नट आठवला.

चोराच्या मनात चांदणं. गाडीच्या थरथरीने नट सुटला असेल का? स्क्रू मागे आला असेल का? झोपलेल्या माणसाला गाडी बंद पडल्याचं कळलंच नसेल का? की काकांनी स्वतःच बंद केली असेल? या शेवटच्या प्रश्नाला तो धरून बसला. तेवढाच एक आडोसा होता.

तो भेटायला गेला नाही.

"अहो, जाऊन या ना," बायको म्हणाली. "किती मानायचे ते तुम्हाला."

"काम आहे."

"माणूस गेला तरी तुमचं काम काही संपेना."

तो ताटावर वाकला. त्या दिवसापासून त्याला ताटावर वाकायची सवयच लागली.

आणि मग ती दुपार.

काकांची गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. चालवणारी व्यक्ती उतरली तेव्हा मेस्त्रीने आधी पाहिली ती शाल. जाड, लोकरी. रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि अंगावर शाल.

काकू होत्या.

"ओळखलंत का मेस्त्री? की गाडीच ओळखलीत?"

"बसा काकू," तो म्हणाला. दुसरं काही सुचेना. भेटायला आलो नाही, माफ करा, हेही सुचेना.

"बसायला नाही आले. एसी लावला की धापा टाकते ही. मला लेकीकडे जायचंय, लांबचा पल्ला आहे. म्हटलं आधी तुमच्याकडे. हे म्हणायचे, गाडीचं काहीही झालं तरी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही."

मेस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शाल कशाला काकू? एवढ्या उन्हात?"

"आत गार असतं हो."

"एसी लावून?"

"न लावता." काकू हसल्या. "लेक म्हणते, आई, तुला ताप आलाय. तुम्हीच हात घालून बघा."

त्याने उघड्या खिडकीतून हात आत घातला.

गाडी उन्हातून आली होती. पत्र्याला चटका बसत होता.

आत... तळघरात असावा तसा गारवा.

"सावलीतून आणली असेल," तो म्हणाला. कुठली सावली, हे त्यालाही माहीत नव्हतं.

काकू पुन्हा सीटवर बसल्या. गाडी चालू केली. त्याने बॉनेट उचललं. मधलं सगळं झाकलं गेलं.

"मी सांगेन तसं बटण दाबा."

"ह्यांच्यासारखं 'लावला' पण म्हणू का?"

तो हसला नाही. "लावा."

"लावला," काकूंचा आवाज. गाडी गदगदा हलायला लागली.

"बंद करा."

"केला."

त्याने बॅटरी आणली आणि पंपावर उजेड टाकला.

नट सैल होता. नुसता सैल नाही, पार टोकाला आलेला. स्क्रू मागे सरकलेला. आणि खाली, काळोखात, ती नळी. वीतभर. मधोमध चीर, जुनी, कडा वाळलेल्या.

तो तसाच वाकून राहिला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. मागून काकू काहीतरी म्हणाल्याचं त्याला पुसटसं आठवतं. त्याने हूं केलं असावं.

मग काहीतरी करायचं म्हणून त्याने हाक दिली.

"लावा."

क्षणभर शांतता.

टक.

इंजिन वाकलं. उत्तर आलं नाही.

"बंद करा."

क्षणभर शांतता...

टक.

उत्तर नाही.

कंटाळल्या असतील, त्याला वाटलं. त्याने स्क्रू थोडा फिरवून पाहिला. "लावा." टक. "बंद करा." टक. दर वेळी तेवढीच वाट बघून. घाई नाही, उशीर नाही.

त्याच्या मानेवरचा घाम थंड झाला.

"लावा," तो म्हणाला. आणि टक झाल्यावर म्हणाला, "काकू, आवाज द्या हो जरा."

"मला म्हणालात?"

आवाज पाठीमागून आला.

काकू रस्ता ओलांडून येत होत्या. हातात भरलेली पाण्याची बाटली. "त्या नळावर गेले होते. तुम्हाला सांगून गेले की. तुम्ही हूं म्हणालात."

मेस्त्रीने बॉनेट खाली घेतलं.

सीट रिकामी होती.

एसीचा दिवा पेटलेला होता. आणि चालकाच्या बाजूची काच धूसर झाली होती... बाहेरच्या बाजूने. आत फार गार असलं की असं होतं. पण त्याला बराच वेळ एसी लागतो. आत्ता लावलेल्या एसीने होत नाही.

पलीकडे टायरवाला दुकानाच्या दारात उभा होता. गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलत होता. वाक्याच्या मधेच थांबला होता आणि गाडीकडे बघत होता.

त्याने पुढे एकदाच सांगितलं. "तू 'लावा' म्हणालास की आत कुणीतरी पुढे वाकायचं. मला वाटलं, काकू. मग पाहतो तर काकू माझ्याच नळावर."

पुन्हा विचारलं तर म्हणतो, उन्हात डोळ्यांपुढे काहीही येतं.

मेस्त्रीने स्वतःला समजावलं. वायर कुठेतरी शॉर्ट असणार. तो तसा माणूस आहे, गोष्टीला कारण हवं. त्याने गाडी बंद केली आणि कॉम्प्रेसरची वायर उपटली. मन भरेना, म्हणून एसीचा पट्टाही काढला आणि बाकावर ठेवला. आता एसी लावा, नाचा, काहीही करा, इंजिनावर भार येणंच शक्य नाही. आंघोळीला पाणीच नाही तर माणूस भिजेल कसा?

किल्ली फिरवायला तो क्षणभर सीटवर बसला. सीट थंड होती. फक्त मधला भाग नाही. तो कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

तो झटकन उतरला.

गाडी चालू होती. पट्ट्याशिवाय, हलक्या अंगाने धडधडत होती. काकू गॅरेजच्या पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसल्या होत्या. बाटली मांडीवर.

"मेस्त्री, एक सांगू? लेकीलाही नाही बोलले."

हात पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"त्या दिवशी सकाळी मी ह्यांना टाकून बोलले. म्हटलं, गाडी चालू ठेवून बसून राहता, धूर काय, आवाज काय, आजारी माणसं असतात तिथे, लोक बघतात. बंद ठेवत जा की. तर म्हणाले, बरं." काकूंनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "सगळा जन्म माझं काही ऐकलं नाही. नेमकं त्या दिवशी ऐकलं. गाडी बंद केली आणि झोपले. मीच बोलले म्हणून."

मेस्त्रीने फडकं खिशात कोंबलं.

"डॉक्टर म्हणतात हृदय. म्हणू देत. मला माहितेय ना कशाने ते."

एक वाक्य होतं. काकू, ती त्यांनी बंद केली नसेल, ती बंद पडली असेल, आणि ती माझ्यामुळे. एवढं एक. ते बोललं की या बाईच्या छातीवरचं ओझं उतरणार होतं आणि त्याच्या छातीवर येऊन बसणार होतं. खरं तर ते होतंच त्याचं.

तो बोलणार होता. शपथेवर सांगतो, बोलणार होता, असं तो म्हणतो.

"काकू..."

आणि इंजिन वाकलं.

टक झालं नाही. वायर उपटलेली होती. पट्टा बाकावर होता, त्याच्या डोळ्यांसमोर. तरी धडधड खाली गेली, गाडी थरथरायला लागली, आतला आरसा हलायला लागला. कुणीतरी डोक्यावर पोतं ठेवल्यासारखं.

कुणी हाक दिली नव्हती. "लावा" म्हटलं नव्हतं कुणी.

मेस्त्रीला वाटलं, काका सांगताहेत. नको. बोलू नको.

इथे तो गोष्ट सांगताना दर वेळी थांबतो. कारण ते "नको" होतं की "बोल" होतं, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. वाकलेलं इंजिन काय म्हणतं हे जन्मभर ओळखणारा माणूस, त्याला एवढं ओळखता आलं नाही. त्याने आपल्या सोयीचं घेतलं.

"काय म्हणत होतात?" काकूंनी विचारलं.

"नळी गेलीय. बदलतो, म्हणत होतो."

"पण ती तर आत्ता बदलली होतीत ना तुम्ही? हे आल्या आल्या सांगत होते मला. नवीकोरी घातली म्हणून."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"रबर आहे काकू," मेस्त्री म्हणाला. "उन्हाने जातं."

गाडी एकदा गदगदली आणि बंद पडली.



"पाहिलंत?" काकू उठल्या. "अशीच बंद पडते मेली. मी किल्लीला हात पण लावत नाही आणि आपली आपण..."

त्या थांबल्या.

गाडीकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हिशेब जुळत नसला की येते तशी. विचार दारापर्यंत आला होता. एक शब्द पुरेसा होता. हो, काकू. एवढाच.

मेस्त्री खाली वाकला.

पाना पडलेला नव्हता. तरी तो गाडीखाली हात घालून पाना शोधत राहिला.

वर आला तेव्हा काकू शालीच्या टोकाने चष्मा पुसत होत्या. आठी गेली होती.

"जुनी झाली हो," त्या म्हणाल्या. "तीही आणि मीही."

नळी समोरच्या गल्लीत मिळाली. त्याने मनगटं सोलून घेतली, रक्त येईपर्यंत. स्क्रू जागेवर आणला आणि नट दोन्ही हातांनी आवळला. पट्टा चढवला, वायर जोडली. एसी लावून बघितला. इंजिन किंचित वाकलं आणि सरळ झालं, मुलाने मान तुकवून वर करावी तसं. एवढं सुरेख काम त्याने त्या वर्षात केलं नव्हतं.

"तुमच्या हातात जादू आहे," काकू म्हणाल्या. "हे उगाच नव्हते म्हणत."

काही दिवसांनी लेकीच्या गावाहून त्यांचा फोन आला. गाडी एकदाही अडली नाही. एसी छान चालतो.

"फक्त एक झालंय मेस्त्री," त्या म्हणाल्या. "आता आत गार नसतं. एसी लावला तरच गार. नाहीतर इतर गाड्यांसारखीच तापते." मग हळूच म्हणाल्या, "शालीची सवय झाली होती हो."

तो गारवा कुठे गेला, हे त्याने विचारलं नाही. कारण त्याला माहीत होतं.

गॅरेजमध्ये, बॉनेट उचलतो त्या जागी, आता उन्हाळ्यातही पायांना गार लागतं.

आणि आता कुठलीही गाडी असो. तो "लावा" म्हणाला की क्षणभर शांतता होते... आणि टक. मग आतलं गिऱ्हाईक चक्रावून म्हणतं, मेस्त्री, मी तर अजून हात लावला नाही. त्याने हाक द्यायचीच सोडली. बॉनेट उघडायचा, स्वतः आत जाऊन बटण दाबायचा, परत पुढे यायचा. लोक विचारायचे, हे काय नवीन. तो म्हणायचा, व्यायाम. आता तर तो जुन्या डिझेलचं एसीचं काम घेतच नाही. काकूंचा फोन आला की बायकोच्या हातात देतो.

"सांगून टाक ना त्यांना," मी त्याला म्हणालो होतो.

"काय सांगू? बंद पडली होती की बंद केली होती, कुणी पाहिलंय?" तो म्हणाला. "त्यांनीच बंद केलेली असली तर? उगाच का तोंड काळं करून घेऊ?"

मला उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. सख्खा मावसभाऊ आहे.

मागच्या आठवड्यात माझीच गाडी त्याच्याकडे नेली. तीही जुनी, तीही डिझेल. नाही नाही म्हणता घेतली त्याने, नात्याखातर. मी आत बसलो, तो पुढे वाकला. बॉनेटआड दिसेनासा झाला. आणि सवय ती सवय, त्याच्या तोंडून निघून गेलं.

"लावा."

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

क्षणभर शांतता.

टक.

शेजारच्या सीटकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. गुडघ्यावरून गार वारा गेला.

पुढून त्याचा आवाज आला. अगदी बारीक. "तू लावलास ना?"

मी म्हणालो, "हो. मीच लावला."

रुग्णालयाच्या वॉचमनला मी आधीच जाऊन विचारलं होतं. त्याने काकांच्या गाडीचं दार उघडलं तेव्हा इंजिन बंद होतं, पण किल्ली चालूवरच होती. त्याने आधी ती फिरवून बंद केली आणि मग माणसं बोलावली.